श्नाबेलचें बीथोव्हेन-वादन

ज्याच्या थोरवीविषयीं जाणकारांत फारसा मतभेद नाहीं, आणि तरीहि ज्यांत चुकीचे स्वर जागोजाग ऐकूं येतात, असा ध्वनिमुद्रिकांचा संग्रह विरळाच. आर्टुर श्नाबेल यानें १९३२ ते १९३५ या वर्षांत लंडनला ॲबी रोडवरील ध्वनिमुद्रणगृहांत बीथोव्हेनचे बत्तीसहि पियानो-सोनाटे वाजविले. सर्व सोनाटे एकाच वादकानें तबकड्यांवर उतरविण्याचा हा पहिला उपक्रम. त्याला नव्वद वर्षें होऊन गेलीं. तो अजून ऐकला जातो, आणि त्यावरचा वादहि मिटलेला नाहीं. चुका कसल्या मोजतां, आशय पाहा, असें श्नाबेलचे भक्त म्हणतात. हें समर्थन आम्हांस अर्धेंच पटतें.

श्नाबेल (१८८२–१९५१) व्हिएन्नांत लेशेटिझ्की या विख्यात गुरूजवळ शिकला. हा पियानोवादक व्हावयाचा नाहीं, हा संगीतज्ञ आहे, अशा अर्थाचे उद्गार गुरूनें काढल्याची कथा प्रसिद्ध आहे. बीथोव्हेनच्या मृत्यूस शंभर वर्षें झालीं त्या १९२७ सालीं श्नाबेलनें बर्लिनमध्यें सर्व सोनाट्यांची मालिका वाजविली. त्याच दशकांत त्यानें सोनाट्यांची आपली संपादित आवृत्ति काढली. तींत स्वरांवर रोमन अंक घातलेले दिसतात. एक स्वरवाक्य किती ‘बार’ चालतें आणि कोठें पुरें होतें, हें ते अंक सांगतात. पियानोवर बसण्यापूर्वींच हा मनुष्य संगीत वाक्यावाक्यानें वाचीत होता, याचा तो पुरावाच होय.

या वाचनाचें फळ विलंबित भागांत मिळतें. कृतिक्रमांक १० मधील तिसऱ्या सोनाट्याचा दुसरा भाग घ्या. १७९८ सालीं तो प्रसिद्ध झाला तेव्हां बीथोव्हेन तिशीच्या आंत होता. पण शोकाचें इतकें प्रौढ गायन त्यानेंहि पुढें थोडेंच लिहिलें. सामान्य वादकाच्या हातीं येथें एकेक स्वर सुटा पडतो. श्नाबेलची लय तर बहुतेकांहून मंद; तथापि वाक्य कोठें जाऊन टेकणार हें त्याला पहिल्या स्वरापासून ठाऊक आहे, असें सारखें वाटत राहतें. समेचें भान ज्याला अखंड असतें अशा गवयाचा विलंबित ख्याल कितीहि सावकाश चालला तरी सैल पडत नाहीं. तसाच कांहींसा हा प्रकार आहे.

हें यश कोणत्या परिस्थितींत मिळविलें तेंहि पाहण्याजोगें आहे. त्या काळच्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांहून अधिक संगीत मावत नसे. कृतिक्रमांक १०६ चा, म्हणजे ‘हॅमरक्लाव्हिअर’ सोनाट्याचा, विलंबित भाग श्नाबेलच्या हातून सुमारें अठरा मिनिटें चालतो; अर्थात् तो चार-पांच तुकड्यांत वाजवावा लागला. मध्येंच थांबावयाचें, नवी मेणाची चकती लागेपर्यंत वाट पाहावयाची, आणि मग कांहीं घडलेंच नाहीं अशा रीतीनें तोच श्वास पुढें चालवावयाचा! आज ते तुकडे जोडून ऐकतांना सांधा सहसा सांपडत नाहीं. अनेक वर्षें ध्वनिमुद्रणास नकार देणाऱ्या श्नाबेलचें मन वळविणारा फ्रेड गाइसबर्ग, हा १९०२ सालीं कलकत्त्यास येऊन गौहरजानचें गाणें तबकडीवर घेणारा तोच गृहस्थ. गौहरजानला ख्याल तीन मिनिटांत आटोपतां आला, कारण आपल्याकडे विस्तार हा गवयाच्या स्वाधीन असतो. सोनाट्यांतला एक स्वरहि गाळण्याची मुभा श्नाबेलला नव्हती.

आतां चुकांकडे वळूं. फीत कापून जोडण्याची सोय तेव्हां नव्हती. एक स्वर चुकला तर सबंध बाजू पुन्हां वाजवावी लागे. भक्तांचा हा बचाव रास्त आहे. परंतु आशयाचा बचाव सरसकट चालणार नाहीं. बत्तीस सोनाट्यांपैकीं एकट्या ‘हॅमरक्लाव्हिअर’वर बीथोव्हेननें स्वतः मेट्रोनोमचा अंक लिहिला आहे: मिनिटास १३८ अर्धस्वर. हा वेग जवळजवळ अशक्य कोटींतला. बहुतेक वादक पहिल्या भागास दहा ते बारा मिनिटें घेतात. श्नाबेल नवाच्या आंत संपवितो. लेखकाची आज्ञा पाळण्याचें हें धैर्य स्तुत्य खरें, पण बोटें मागें राहतात, वाक्यांचे शेवट घाईनें गिळले जातात. तरीहि तेथें आवेशाला कांहीं अर्थ आहे. शेवटच्या भागांतील फ्यूगांत मात्र तो उरत नाहीं. तीन स्वतंत्र स्वरधारा एकमेकींना उत्तर देतात, हाच फ्यूगाचा आशय; एक धारा चिखलांत रुतली तर संवाद कसला? तेथें स्वच्छ स्वर हा अलंकार नसून अर्थ आहे. विल्हेल्म केंफ याचा १९६४–६५ चा संच याच्याशेजारीं ऐकावा. केंफचा हात हलका, वेग बेताचा. भव्यतेंत तो उणा पडतो, पण कोण कोणाला काय म्हणतें आहे तें कळतें.

मध्यंतरीं १९३३ मध्यें, हिटलर अधिकारावर येतांच, या ज्यू कलावंताला बर्लिन सोडावें लागलें. त्याची छाया वादनांत शोधण्याचा मोह आम्ही टाळतों.

‘मूनलाइट’ हें नांव बीथोव्हेननें दिलेलें नव्हे, आणि श्नाबेलहि तेथें चांदणें पसरण्याच्या भरीस पडत नाहीं. ज्यांना तें हवें त्यांची निराशा होईल. त्यांनीं, किंबहुना कोणीहि, थेट कृतिक्रमांक १११ च्या दुसऱ्या भागाकडे जावें. साधें गीत, त्याचे एकामागून एक अवतार, आणि अखेरीस वरच्या सप्तकांत कंप पावत राहणारा तो दीर्घ स्वर. मात्र संच निवडतांना एक पथ्य पाळावें. जुन्या तबकड्यांची खरखर पार पुसून काढलेल्या आवृत्त्याहि मिळतात. त्यांत खरखरीबरोबर त्या कंपनाचें तेजहि पुसलें जातें. थोडी खरखर राखलेली आवृत्तिच घ्यावी.