रेषा आणि पाझर : भूदृश्यरचनेतील प्रबंधाची एक कसोटी

भूदृश्यरचनाशास्त्रात विद्यावाचस्पती पदवीसाठी लिहिल्या जाणाऱ्या प्रबंधाविषयी एक मूलभूत शंका घेतली जाते. आराखडा करणे हे कौशल्याचे काम होय; त्यातून नवे ज्ञान कसे सिद्ध व्हावे? अनुराधा माथुर व दिलीप दा कुन्हा यांचा ‘सोक : मुंबई इन ॲन एश्चुअरी’ (२००९) हा ग्रंथ या शंकेचे समर्थ उत्तर आहे. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील जलप्रलयानंतर सिद्ध झालेल्या या ग्रंथाचे प्रमेय असे की, जमीन व पाणी यांना विभागणारी रेषा निसर्गाने नव्हे, नकाशाकाराने ओढली. दा कुन्हा यांनी हाच विचार पुढे ‘द इन्व्हेन्शन ऑफ रिव्हर्स’ (२०१९) मध्ये गंगेपर्यंत नेला. येथे आरेखन ही सजावट न राहता विचाराचे साधन बनते, हे या लेखनाचे मोठे यश होय.

तथापि खाडीकाठी सिद्ध झालेले प्रमेय अवर्षणग्रस्त पठारावर टिकते काय? बारामती-इंदापूर पट्ट्यातील पिंपळीसारख्या गावाच्या परिसरात ते पडताळू गेल्यास प्रथम ते डळमळते. १८८५ साली सुरू झालेला नीरा डावा कालवा ही आरेखनातूनच उतरलेली रेषा. तिच्याखाली नदीपर्यंत बागायत व वर जिरायत, अशी भूमीची फाळणी झाली. ऊस कोठे आणि बाजरी कोठे, हे तिने ठरविले. या रेषेस केवळ नकाशातील कल्पना म्हणता येत नाही.

परंतु विषय येथे संपत नाही. कालव्याचे व पाटांचे पाणी काळ्या जमिनीत मुरले, भूजल वर चढले, क्षार पृष्ठभागी आले आणि नीरेच्या कालवाक्षेत्रात चोपण जमिनी वाढल्या. निचऱ्यासाठी चर खणावे लागले. म्हणजे प्रमेय खोडले जात नाही, त्यास दुरुस्ती मिळते : रेषा भूमी घडविते, पण पाण्यास कोंडू शकत नाही.

अशी दुरुस्ती करणे हेच प्रबंधाचे खरे कार्य होय. त्यासाठी छेदचित्र पृष्ठभागाखाली माती, मुरूम व विहिरीची पातळी येथवर उतरले पाहिजे. पाझर, उपळट, चोपण हे शेतकऱ्याचे शब्द परिशिष्टात न टाकता प्रमाण म्हणून स्वीकारले पाहिजेत. कारण रेषा जेथे हरली, त्या जागांची ती नावे आहेत. एरवी प्रबंध सुबक होईल. भूमीविषयी मात्र तो काहीच सांगणार नाही.