मासे सगळ्यात शेवटी

साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि छत्तीस उंच अशी बिनचौकटीची काचेची टाकी. आत करड्या रंगाचे पाच दगड, त्यांच्या पायाशी बोटाच्या पेराएवढी उंच हिरवळ, वर सगळी मोकळी जागा आणि त्या मोकळ्या जागेत एकाच जातीच्या पंधरावीस माशांचा थवा. एवढंच. तळाला निळे खडे नाहीत, झाकण उघडमीट करत बुडबुडे सोडणारी खजिन्याची पेटी नाही, मागच्या काचेला प्रवाळांचं पोस्टर नाही. या मांडणीला जपानीत इवागुमी म्हणतात. गोड्या पाण्याच्या टाकीत ती रूढ केली ताकाशी अमानो यांनी. नवखा माणूस ती बघून ‘छान आहे’ म्हणतो आणि पुढच्या टाकीकडे वळतो. त्याचा दोष नाही. इवागुमी एका नजरेत हाती लागत नाही. ती ज्या क्रमाने रचली गेली त्याच क्रमाने पाहावी लागते. आधी दगड, मग वनस्पती, मग पाणी, आणि मासे सगळ्यात शेवटी.

अमानो १९५४ साली जपानच्या निइगाता भागात जन्मले. तरुणपणी ते सायकल शर्यतींतले व्यावसायिक खेळाडू होते. पुढे निसर्गाची छायाचित्रं काढू लागले. भलाथोरला कॅमेरा घेऊन अॅमेझॉन, बोर्निओ, पश्चिम आफ्रिका असे फिरले. १९८२ मध्ये त्यांनी ‘अॅक्वा डिझाइन अमानो’ ही कंपनी काढली. छायाचित्रकाराची ही नजर त्यांच्या टाक्यांत जागोजाग दिसते. त्यांच्या आधी वनस्पतींच्या टाकीचा मोठा दबदबा होता तो डच पद्धतीचा. तांबडी झुडपं, शेजारी पोपटी, मागे गर्द हिरवी, पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या रांगा. ती शैली सुंदरच आहे. पण ती बागेची शैली आहे आणि बागेत माळ्याचा हात दिसणं हाच मोठेपणा असतो. अमानोंनी तो हात लपवायचं ठरवलं.

आता दगड. सगळ्यांत मोठा तो ओयाइशी, म्हणजे मुख्य दगड. टाकीच्या उंचीच्या साधारण दोनतृतीयांश. तो मधोमध कधीच बसवत नाहीत. टाकीच्या लांबीचे एकास एक पूर्णांक सहा दशांश असे भाग पाडले तर जिथे रेघ पडेल, तिथे त्याची जागा. त्याच्या शेजारी फुकुइशी, तोलाला सोएइशी आणि शेवटी सुतेइशी. दगडांची संख्या विषम असते, म्हणजे नजर त्यांच्या जोड्या लावत बसत नाही. चांगल्या इवागुमीत सगळ्या दगडांच्या अंगावरच्या रेघा एकाच दिशेला झुकलेल्या असतात. वर्षानुवर्षं एकाच बाजूने पाणी वाहत आल्यावर नदीतले दगड जसे कलतात, तसा तो कल. एका दगडाची रेघ उलटी गेली की टाकीतला प्रवाह तुटतो. बघणाऱ्याला काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. दगड आपणहून जे मागतो त्याप्रमाणे पुढचा दगड ठेवावा, हा विचार जपानी बागकामात फार जुना आहे. अकराव्या शतकातल्या ‘साकुतेइकी’ या ग्रंथापासून तो चालत आला आहे.

माझा जीव मात्र सुतेइशीवर आहे. हा सगळ्यांत लहान दगड, जवळजवळ अर्धा मातीत पुरलेला. मांडणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की दोनअडीच महिन्यांत हिरवळ त्याच्यावर चढेल आणि तो दिसेनासा होईल. तरी तो ठेवायचा. कारण तो दिसेनासा झाला तरी त्या जागी हिरवळीला एक हलकासा उंचवटा राहतो, आणि त्या उंचवट्यामुळे मोठा दगड जमिनीतून वर आल्यासारखा वाटतो, वरून आणून ठेवल्यासारखा वाटत नाही. टाकी बघताना हा उंचवटा शोधावा. तो सापडला तर मांडणारा जाणता आहे असं समजावं.

दगड नुसते बघण्यापुरते नसतात, पाण्याशी त्यांचा व्यवहार चालतो. इवागुमीत लोकप्रिय असलेला सेइर्यू जातीचा निळसर करडा दगड चुन्याच्या पांढऱ्या शिरांचा असतो. त्या शिरा हळूहळू पाण्यात उतरतात आणि पाणी जड होतं. मऊ पाण्याच्या वनस्पतींना ते मानवत नाही, म्हणून अशा टाकीत पाणी सढळ हाताने बदलावं लागतं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाची ही तक्रार नाही. बेसाल्ट पाण्यात फारसा विरघळत नाही. पण सह्याद्रीच्या दगडातल्या पोकळ्यांत कधीकधी पांढरे स्फटिक भरलेले असतात. त्यांवर व्हिनेगरचे चार थेंब टाकून बघावेत. फेस आला तर तो कॅल्साइट, आणि तो दगड टाकीबाहेरच बरा.

दगडांनंतर माती आणि हिरवळ. माती म्हणजे भाजलेल्या मातीचे बारीक दाणे, पुढे कमी आणि मागे चढते. या चढामुळेच तीस सेंटिमीटरच्या खोलीत मैदान दूरवर गेल्यासारखं भासतं. तिच्यात ग्लोसोस्टिग्मा, हेअरग्रास यांसारख्या बुटक्या वनस्पतींचे दोनचार काड्यांचे जुडगे चिमट्याने एकेक करून खोचायचे. कंटाळवाणं काम आहे. पण याच हिरवळीत टाकीची तब्येत सगळ्यांत आधी वाचता येते. ग्लोसोस्टिग्माला पुरेसा उजेड मिळाला की ते जमिनीला धरून आडवं पसरतं. उजेड कमी पडला की मान वर काढतं आणि बारीक, लांब देठांवर उभं राहतं. जुनी, खालची पानं पिवळी पडू लागली तर नायट्रोजनची चणचण. कोवळी पानं फिकट, जवळपास पांढुरकी येत असतील तर लोह कमी. वनस्पती जुन्या पानातून नायट्रोजन काढून नव्या पानाला देऊ शकते, लोह देऊ शकत नाही. म्हणून एक उणीव खाली दिसते आणि दुसरी शेंड्याला. हे एकदा डोळ्यांत बसलं की टाकी ‘सुंदर’ आहे आणि टाकी ‘निरोगी’ आहे ही दोन वाक्यं वेगळी राहत नाहीत. फिकट शेंडा आणि लांबलेला देठ डोळ्यांना आधी कुरूप दिसतो, आजार म्हणून तो नंतर कळतो.

हिरवळ राखते ती कात्री. वाढू दिली तर हिरवळ जाड होते, तळच्या थराला उजेड मिळेनासा होतो, तो कुजतो आणि एके दिवशी सगळी चटई मुळासकट उचलून पाण्यावर तरंगते. म्हणून ती चांगली दिसत असतानाच कापायची. वाकड्या पात्याच्या कात्रीने, दगडाच्या कडेला किंचित उंच आणि पुढच्या काचेशी अगदी खुरटी. नंतरचे आठदहा दिवस टाकी भादरल्यासारखी दिसते. पाहुणे नेमके तेव्हाच येतात.

अमानोंची सगळ्यांत धाडसी खेळी मात्र रिचियाची. ही मुळात पाण्यावर तरंगणारी वनस्पती, तिला मुळंही नसतात. अमानोंनी ती दगडांना दोऱ्याने बांधून तळाशी नेली. तिचा स्वभाव वर जाण्याचा, दोरा तिला खाली धरून ठेवतो, आणि या ओढाताणीत तिच्या टोकाटोकावर ऑक्सिजनचे बुडबुडे जमतात. दुपारी, दिवा लागून तीनचार तास झाल्यावर, सगळा हिरवा गालिचा मण्यांनी भरून जातो. हौशी लोक याला ‘पर्लिंग’ म्हणतात. वनस्पती ऑक्सिजन सोडत असते, पाण्यात तो आणखी मावेनासा झाला की तो बुडबुड्याच्या रूपाने दिसतो.

इथे रसिकाने जरा चोखंदळ व्हावं. पाणी बदलल्यावर लगेच टाकीभर जे बुडबुडे दिसतात, ते पर्लिंग नव्हे. नळाच्या पाण्यात दाबामुळे विरघळलेली हवा बाहेर पडून पानांवर, दगडांवर, काचेवर सरसकट चिकटते. समाजमाध्यमांवरचे निम्मे व्हिडिओ याच बुडबुड्यांवर चालतात. खरा बुडबुडा दगडावर बसत नाही. तो पानावर धरतो, पानाच्या फाटलेल्या कडेतून एकामागोमाग एक अशी बारीक साखळी वर जाते, आणि दिवा मालवल्यावर ती थांबते.

या साखळीच्या मागे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असतो. उजेड भरपूर दिला आणि हा वायू दिला नाही तर वनस्पतींच्या आधी शेवाळाचं फावतं. लिटरमागे तीसेक मिलिग्रॅम हे प्रमाण बहुतेकांना पुरतं. हे प्रमाण दाखवायला काचेला लावलेल्या चिमुकल्या कुपीतला द्रव हिरवा असला की ठीक, निळा असला की कमी, पिवळा झाला की धोका. मग मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडू लागतात. वायू दिव्याच्या तासदोन तास आधी सुरू करायचा आणि रोज त्याच वेळी. पानांच्या कडांना काळी, दाढीसारखी लव धरली असेल तर त्या टाकीत हा वायू कधी कमी, कधी जास्त होत असतो, असं बहुतेक वेळा खुशाल समजावं. सुरुवातीच्या आठवड्यांतला तपकिरी थर मात्र मनावर घेऊ नये. तो येतो आणि बहुधा आपसूक जातो.

शेवाळाच्या बंदोबस्ताला अमानोंनी एक कोळंबी कामाला लावली. पारदर्शक, अंगावर ठिपक्यांच्या रांगा असलेली ही जपानी कोळंबी आज जगभर ‘अमानो श्रिंप’ याच नावाने विकली जाते. दिवसभर दगडांवरून चरत असते. तिची पिल्लं खाऱ्या पाण्याशिवाय वाढत नाहीत, त्यामुळे टाकीत तिची संख्या वाढत नाही. मांडणीतला असा सेवक, जो दिसतो पण नजरेत भरत नाही, नाटकातही फार थोड्यांना जमतो.

आणि मग मासे. नव्या मातीतून पहिले काही आठवडे अमोनिया सुटत असतो. त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जीवाणू गाळणीत स्थिरावायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर मासे सोडणं म्हणजे त्यांना मारणं. म्हणून क्रमाने मासे शेवटी, आणि रचनेतही शेवटीच. इवागुमीत एकाच जातीचा थवा हवा, अंगाने लहान, रंगाने बेताचा. आपल्या घाटातल्या नद्यांचा लाल पट्ट्याचा देखणा मासा, ज्याच्या शास्त्रीय नावातच ‘सह्याद्रिया’ आहे, तो या टाकीत मी कधीही सोडणार नाही. तो पाचेक इंच वाढतो, त्याला चारपाच फुटांची टाकी हवी, आणि त्याच्यापुढे दगड खुजे दिसतील. रमीनोज टेट्रा हा माझ्या मते इवागुमीचा सर्वोत्तम मासा. तो घट्ट थव्याने, एकाच दिशेने पोहतो, दगडांचा कल पुढे नेतो. शिवाय त्याचं नाक लालभडक असतं आणि पाणी बिघडलं की ते फिकटतं. दगडापासून कात्रीपर्यंत जे काही केलं त्याचा निकाल अखेर या नाकावर लागतो.

अमानोंची शेवटची मोठी कृती लिस्बनच्या सागरी मत्स्यालयात होती. चाळीस मीटर लांब, एक लाख साठ हजार लिटरची गोड्या पाण्याची टाकी, इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वळलेली. ती एप्रिल २०१५ मध्ये खुली झाली आणि ऑगस्टमध्ये अमानो गेले. तिथे इवागुमी नव्हती, उष्णकटिबंधातलं बुडालेलं जंगल होतं. ओंडके पाण्याबाहेर डोकावत. तरी व्याकरण तेच. हजारो मासे असूनही आधी दिसे ते लाकूड, मग पानं, आणि मासे त्यांच्यातून ये-जा करत.

२००१ मध्ये अमानोंच्या कंपनीने जगभरच्या स्पर्धकांसाठी जलरचनेची स्पर्धा सुरू केली आणि तिथून एक वेगळंच वळण आलं. आता अशा स्पर्धांत पाण्याखाली पर्वतरांगा दिसतात, फांद्यांना मॉस चिकटवून केलेले वटवृक्ष दिसतात, वाळूचे पडते धबधबे दिसतात. कारागिरी थक्क करणारी आहे. पण त्या देखाव्यात मासा पक्षी होऊन बसतो, पाणी हवा होतं, आणि छायाचित्र निघालं की पुष्कळशा टाक्या मोडल्या जातात. मला त्या दुय्यम वाटतात. जी टाकी सहा महिन्यांनी पहिल्यापेक्षा बरी दिसते तीच माझ्या लेखी मोठी, आणि त्या कसोटीवर पाच दगड आणि एक हिरवळ अजून वरचढ आहे.

आपल्याकडे ही टाकी लावायची तर खरा शत्रू एप्रिल-मे. पाणी तिशीच्या वर गेलं की त्यात वायू कमी विरघळतात, हिरवळ वितळू लागते, कोळंबी मरते. पृष्ठभागावर एक छोटा पंखा सोडला तरी बाष्पीभवनाने दोनतीन अंश उतरतात. कमी झालेलं पाणी रोज भरून काढावं लागतं एवढंच. बोअरचं जड पाणी असेल तर ग्लोसोस्टिग्माचा हट्ट सोडावा आणि कोकणातल्या ओढ्यांत वाढणाऱ्या क्रिप्टोकोरिनी स्पायरॅलिसची टाकी करावी. ती इवागुमी होणार नाही, पण बऱ्याच वर्षांची सोबत करेल. आणि क्रॉफर्ड मार्केटात टाकी घ्यायला गेलात, तर दुकानदार त्याच दिवशी पिशवीत मासे बांधून देईल. ते घेऊ नका. त्या पैशांत चांगली कात्री घ्या आणि महिन्या-दीड महिन्याने परत जा.