ज्ञानाचा कर्ता : हवामानबदलाची परिभाषा आणि गडचिरोली-चंद्रपूरच्या ग्रामसभा

हवामानबदलाशी जुळवून घेण्याच्या प्रश्नावर गेल्या दोन दशकांत जे विपुल लेखन झाले, त्यात ‘पारंपरिक ज्ञान’ हा शब्दप्रयोग आता सर्वमान्य झाला आहे. आदिवासी समाजांपाशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले निसर्गाचे ज्ञान आहे व त्याचा उपयोग करून घेतला पाहिजे, हे विधान आज कोणी नाकारीत नाही. तथापि, ज्या वाक्यांतून हे विधान केले जाते त्यांची रचना पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ज्ञान ‘नोंदविले जाते’, ‘जतन केले जाते’, ‘धोरणात समाविष्ट केले जाते’. या कर्मणी वाक्यांत कर्ता बहुधा आढळत नाही. हा केवळ शैलीचा दोष मानता येणार नाही. कर्ता लोपला की अधिकाराचा प्रश्नही लोपतो, आणि प्रस्तुत विषयाचे मर्म नेमके त्या प्रश्नात आहे.

२०१५ च्या पॅरिस कराराचे उदाहरण घ्यावे. त्याच्या सातव्या अनुच्छेदातील पाचव्या परिच्छेदाचा आशय असा की, अनुकूलनाचे कार्य उपलब्ध उत्तम विज्ञानावर आणि, जेथे उचित असेल तेथे, पारंपरिक व स्थानिक ज्ञानावर आधारलेले असावे. विज्ञानाला जी अट नाही ती परंपरेला आहे. औचित्य कोणी ठरवावयाचे याविषयी वाक्य मौन पाळते. याउलट भारताच्या २००६ च्या वनहक्क कायद्यातील पाचवे कलम पाहावे. वन, वन्यजीव व जैवविविधता यांच्या रक्षणाचा अधिकार ते हक्कधारकांना व ग्रामसभेला नाव घेऊन देते. तिसऱ्या कलमात पारंपरिक ज्ञानावरील सामुदायिक हक्क आहे, तसाच सामुदायिक वनसंपत्तीच्या व्यवस्थापनाचाही आहे. येथे ज्ञानाला कर्ता लाभला आहे. या दोन वाक्यरचनांतील अंतर प्रत्यक्ष व्यवहारात किती मोठे ठरते, याचा पडताळा चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत घेता येतो.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचे लहानसे गाव. १९८० नंतरच्या दशकात इचंपल्ली व भोपालपट्टणम्‌ या नियोजित धरणांविरुद्ध ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ हे आंदोलन उभे राहिले. मेंढ्याच्या जागृतीचे मूळ त्यात आहे. पुढे गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत स्वीकारली आणि तिच्या जोडीला अभ्यासगट ठेवला. अभ्यासगटात चर्चा व्हावी, निर्णय मात्र ग्रामसभेनेच घ्यावा, ही विभागणी महत्त्वाची आहे. देवाजी तोफा यांचे नाव या गावाशी निगडित असले, तरी त्यांचे नेतृत्व हुकूम देणाऱ्याचे नाही. सर्वांची संमती येईपर्यंत थांबणे हाच त्या नेतृत्वाचा गुण होय. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या बाहेरून आलेल्या सहकाऱ्यांचे स्थानही माहिती पुरविणाऱ्या मित्राचे राहिले.

२००९ मध्ये मेंढ्याला १,८०० हेक्टरांहून थोड्या अधिक वनक्षेत्रावर सामुदायिक हक्क मिळाला. परंतु बांबूच्या विक्रीसाठी लागणारा वाहतूक परवाना कोणी द्यावयाचा, यावर वाद राहिला. वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले होते. १९२७ च्या वन अधिनियमाच्या व्याख्येत मात्र तो वृक्ष होता. म्हणजे वाद वस्तूचा होता तितकाच नामकरणाचा होता. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. १९२७ च्या अधिनियमातील व्याख्येतून बांबू वगळला गेला तो २०१७ मध्ये.

या घटनेचे ज्ञानाच्या दृष्टीने काय महत्त्व आहे? बांबूच्या बेटातील कोवळा कोंब राखावा, जुने बांबू तोडावेत, बेट मोकळे ठेवावे, परंतु उघडे पाडू नये, हे जंगलाशेजारी राहणाऱ्या वृद्धांना ठाऊक असते. मात्र ज्या काळात तोडीचा करार कागद गिरणीशी होई आणि गावकरी केवळ मजूर म्हणून जात, त्या काळात हे ज्ञान आठवणीपुरते उरले. मजुराला बेट राखण्याचे प्रयोजन नव्हते. तरुणाला ते शिकण्याचे कारण नव्हते. निर्णय गावाकडे आला तेव्हाच जुनी माहिती पुन्हा कसोटीला लागली. ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जाते ते ठेव्यासारखे नव्हे. ज्या कामात दोन्ही पिढ्यांना एकत्र निर्णय घ्यावा लागतो त्या कामातून ते जाते, आणि जाताना बदलतेही.

चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावचे उदाहरण हेच अधिक स्पष्ट करते. २०१२ मध्ये या गावाला सुमारे १,००० हेक्टर वनावर हक्क मिळाला. तेंदूपानांचे उत्पन्न सहज मिळण्याजोगे असता ग्रामसभेने ती तोड न करण्याचे ठरविले, कारण कोवळी पाने फुटावीत म्हणून फांद्या छाटल्या जातात, रानाला आगी लावल्या जातात, आणि फळ माणसालाही मिळत नाही, पाखरालाही नाही. वनाचा काही भाग देवराई म्हणून राखला गेला. माधव गाडगीळ यांनी या प्रयोगाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले होते. मे महिन्यात पारा वारंवार ४६-४७ अंशांपर्यंत चढणाऱ्या प्रदेशात वणवा टाळणे हे अनुकूलनाचे फार मोठे साधन आहे. हा निर्णय परंपरेने जसाच्या तसा हाती दिलेला नव्हता. देवराईची कल्पना जुनी, तेंदूचा व्यापार त्या मानाने अलीकडचा. जुन्या विवेकाने नव्या व्यवहाराचा निवाडा केला.

आता भाषेचा प्रश्न. जैवविविधतेच्या नोंदवहीत वनस्पतीचे नाव, उपयोग व शास्त्रीय संज्ञा येतात. त्या नावाभोवतीचे विधिनिषेध सहसा गळतात. गोंडीतील ‘पंडुम’ या शब्दाचा अनुवाद ‘सण’ असा होतो. परंतु मरका पंडुम, म्हणजे आंब्याचा सण, होईपर्यंत नवे आंबे खावयाचे नाहीत, हा दंडक त्या शब्दात अंतर्भूत आहे. फळ पक्व होऊ द्यावे हा नियम, तो पाळला जातो की नाही हे पाहणारा समाज आणि ठरलेली वेळ, ही तिन्ही अंगे ‘सण’ या प्रतिशब्दात हरवतात. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी भाषक सुमारे ३० लाख आहेत. तरीही ही भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. गडचिरोलीतील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. २०२२ मध्ये शिक्षण प्रशासनाने ती अनधिकृत ठरविली. ज्या ग्रामसभेला वनाविषयी निर्णयाचा हक्क कायदा देतो, तिला ज्या भाषेत तो निर्णय पिकतो ती भाषा मुलांना शिकविण्यासाठी मात्र झगडावे लागते. ही विसंगती हवामानविषयक लेखनात क्वचितच नोंदली जाते.

येथे एक आक्षेप संभवतो. ऋतूच बदलत असतील तर जुन्या खुणा काय कामाच्या? मोहाचा बहर आणि पावसाची चाहूल यांचे ठोकताळे ज्या हवामानात बांधले गेले तेच ढळत आहे. मार्च-एप्रिलमधील अवकाळी पाऊस मोहफुलांचा हंगाम हातचा घालवितो. आक्षेप खरा आहे, परंतु तो ‘साठा’ या कल्पनेला लागू पडतो. ज्ञान म्हणजे खुणांची यादी असेल, तर ती निश्चित कालबाह्य होईल. ते जर पाहण्याची, पडताळण्याची व एकत्र बसून नियम बदलण्याची रीत असेल, तर बदलत्या ऋतूत तिची गरज वाढते. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ग्रामसभेचा शब्द सर्वत्र पोचत नाही. एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या लोहखनिजाच्या खाणीस परिसरातील ग्रामसभांनी विरोध नोंदविला, तरी उत्खनन चालूच राहिले. बांबूविषयी जो कर्ता मान्य झाला, तो डोंगराविषयी झाला नाही. मेंढा व पाचगाव यांचा गौरव करताना हे दृष्टीआड करणे म्हणजे अपवादाला नियमाचे रूप देणे होय.

तेव्हा या विषयाच्या अभ्यासकाने पारंपरिक ज्ञानाच्या संकलनापूर्वी एक साधी व्याकरणिक चिकित्सा करावी. प्रत्येक विधानात जाणणारा कोण, ठरविणारा कोण आणि ते दोघे एकच आहेत काय, हे पाहावे. जाणणारा गोंड वृद्ध आणि ठरविणारा दूरचा कार्यालयीन अधिकारी अशी फारकत असेल, तर संकलन कितीही काटेकोर असले तरी ते संग्रहालयातील वस्तूच्या मोलाचे राहील. दोघे एका ग्रामसभेत बसत असतील, तर नोंदवही अपुरी असली तरी बिघडत नाही. तिच्यातील चुका पुढच्या हंगामात त्या ग्रामसभेलाच दिसतील आणि ती त्या दुरुस्त करील.