माँटेरेचा भीमपलास

‘माँटेरे पॉप’ या माहितीपटाचे नाव आपल्याकडे घेतले जाते ते पंडित रविशंकर यांच्यामुळे. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे तीन दिवसांचा संगीत महोत्सव झाला. डी. ए. पेनेबेकर यांनी त्याचे चित्रण केले आणि १९६८ मध्ये सुमारे ऐंशी मिनिटांचा चित्रपट पडद्यावर आणला. त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा, आणि तोही अगदी शेवटचा, आपल्या सतारीला दिलेला आहे. इतरांच्या वाट्याला एखाददुसरे गाणे! एवढे ऐकूनच आपली मान ताठ होते. चित्रपट पाहिल्यावर मात्र मन खट्टू झाले. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

चित्रपटाच्या नामावलीत रविशंकरांच्या वादनापुढे ‘राग भीमपलासी’ असे लिहिलेले आहे. कानावर पडते ती मात्र धून, आधी दादऱ्यात आणि मग द्रुत त्रितालात. ही चूक किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखी नाही. त्याच मैफलीची ध्वनिमुद्रिका निघालेली आहे. तीत आधी भीमपलास आहे, मग अल्लारखांचे एकतालातील तबलावादन आणि अखेरीस ही धून. म्हणजे भीमपलास वाजला होता, नीट सावकाश वाजला होता. चित्रपटात त्याचे नाव तेवढे उरले. पंगतीला बसलेल्या पाहुण्यापुढे पान न वाढता एकदम विडा ठेवावा आणि वर ‘जेवण कसे झाले?’ म्हणून विचारावे, तसाच हा प्रकार.

भीमपलास दिवसाच्या तिसऱ्या प्रहराचा. रविशंकरांची बैठक रविवारी, १८ जूनला दुपारी झाली. रॉक वादकांच्या अधेमधे न बसता त्यांनी स्वतंत्र वेळ मागून घेतला होता. तेव्हा परक्या भूमीवर आणि परक्या श्रोत्यांपुढेही या माणसाने रागाची वेळ सांभाळली, हे आपण लक्षात घेतले पाहिजे. पेनेबेकर यांनी ती दुपार उचलून जिमी हेंड्रिक्सच्या रात्रीनंतर नेऊन ठेवली. त्या रात्री हेंड्रिक्सने रंगमंचावर गिटार पेटवून दिली. वाद्य जाळलेले पाहून आपण फार व्यथित झालो, असे रविशंकरांनी पुढे अनेकदा सांगितले. त्या आगीनंतर सतार आली की प्रेक्षकाला वाटते, चढत गेलेल्या आवेशाचेच हे शिखर. शिखर म्हणून ते परिणामकारक आहे, हे मी नाकारत नाही. सतार आणि तबल्याची शेवटची झटापट, अल्लारखांच्या मुद्रेवरचा तो आनंद, आणि मग हजारो माणसांचे एकदम उठून उभे राहणे पाहताना अंगावर काटा येतो. पण काटा येणे वेगळे आणि राग समजणे वेगळे.

कोणी म्हणेल, एवढी लांबलचक मैफल चित्रपटात कशी मावणार? मावणार नाही, हे कबूल. पण सतार सुरू झाल्यावर कॅमेरा कितीतरी वेळ गर्दीतच हिंडतो. कोणी पेंगतो आहे, कोणी नाचतो आहे. वादकाचे दर्शन नंतर. त्या जागी आलापाची चारच मिनिटे ठेवली असती, तर ही मंडळी कशामुळे स्तब्ध झाली ते आपल्यालाही कळले असते.

आमच्या जोयड्याच्या रानातल्या मुलांनीही हा तुकडा मोबाइलवर पाहिलेला असतो. एकाला विचारले, काय आवडले? तो म्हणाला, “सर, किती फास्ट वाजवतात!” दोष मुलाचा नाही. त्याला दाखवलेच तेवढे. धारवाड-हुबळीपलीकडे सवाई गंधर्वांचे कुंदगोळ आहे. त्यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी १९५३ पासून पुण्यात महोत्सव चालवला आणि एकेका स्वरावर थांबणारा श्रोता त्यातून वर्षानुवर्षे घडत गेला. या मुलखातल्या पोराला आपले संगीत म्हणजे वेग असे वाटू लागावे, याचे मला वाईट वाटते.

याउलट १ ऑगस्ट १९७१ च्या न्यूयॉर्कमधील बांगलादेश मैफलीचा चित्रपट पाहावा. तिथे रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्ये जुळवतात आणि श्रोते तेच वादन समजून टाळ्यांचा कडकडाट करतात. रविशंकरांनी हसतहसत त्यांना जी कोपरखळी मारली, तीही चित्रपटात तशीच ठेवली आहे. पुढे जी धून वाजते तिला धूनच म्हटले आहे. तो चित्रपटही मुख्यतः रॉकवाल्यांचाच, पण त्याने श्रोत्यांचे अज्ञान झाकले नाही, की आपल्या संगीताला भलते नाव दिले नाही.

माँटेरेचा भीमपलास ऐकायचा असेल त्याने ध्वनिमुद्रिकाच मिळवावी. ती आम्ही शाळेत दुपारच्या शेवटच्या तासाला लावली. दोनचार पोरे झोपली. बाकीची घंटा झाली तरी उठली नाहीत.