आतिथ्याची कसोटी : लू शुन यांच्या ‘फुजिनो सेन्सेई’चा पुनर्विचार

चिनी लेखक लू शुन १९०४ मध्ये वैद्यकशिक्षणासाठी जपानमधील सेंदाई येथे गेले. तेथील वास्तव्यावर त्यांनी १९२६ मध्ये लिहिलेल्या ‘फुजिनो सेन्सेई’ या आठवणपर लेखातील निवासाचा प्रसंग वरवर विनोदी वाटतो. तुरुंगाजवळच्या पहिल्या निवासात जेवण चांगले होते. परंतु कैद्यांचे अन्नही त्याच घरून जाई, म्हणून एका अध्यापकाने ती जागा अनुचित ठरवली. वारंवार आग्रह झाल्याने लेखकाने घर बदलले आणि रोज अळूच्या देठांचे नकोसे सार त्याच्या वाट्याला आले. हेतू शुद्ध होता. पाहुण्याच्या मताला मात्र किंमत नव्हती. याउलट फुजिनो त्याच्या टिपणवह्या दर आठवड्याला मागवून तांबड्या शाईने दुरुस्त करीत. राहिलेला मजकूर भरीत, व्याकरणही सुधारीत. येथील आस्था विद्यार्थ्याच्या अभ्यासाशी निगडित आहे. तथापि चिनी स्त्रियांच्या बांधलेल्या पावलांविषयी विचारून हेच गुरू शिष्याला अवघडवतात, हेही लेखक लपवत नाही. त्यामुळे कृतज्ञतेचे हे लेखन स्तुतिपाठ होत नाही. परक्या भूमीतील आतिथ्याची कसोटी दयेत नसून पाहुण्याची गरज ओळखण्यात आहे, हे त्यातून प्रत्ययास येते.