बँजोचे टेलपीस : अलंकार की ध्वनिविचार?

जुन्या अमेरिकन बँजोच्या टेलपीसकडे (महाराष्ट्रातील मिरवणुकींतला कळांचा ‘बेंजो’ हे निराळे वाद्य होय) संग्राहक बहुधा कोरीवकाम व मुलामा यांच्याच दृष्टीने पाहतात. ही दृष्टी अपुरी आहे. दुरुस्तीत मूळ टेलपीस बदलले, की वाद्याच्या नादाचा एक पुरावाच नाहीसा होतो. एकोणिसाव्या शतकातील ‘नो-नॉट’मध्ये तारेचे टोक खुंट्यांभोवती गुंडाळले की गाठ मारावी लागत नसे, आतड्याच्या तारांच्या काळात ही मोठीच सोय होती. पोलादी तारांबरोबर प्रश्न बदलला. तारांचा घोडीवरील दाब वाढला, की नाद सामान्यतः धारदार होतो. ‘ऑटिंगर’मध्ये प्रत्येक तारेला स्वतंत्र पट्टी असल्याने हा दाब तारेगणिक बदलता येतो, अधिक लोकप्रिय ‘प्रेस्टो’मध्ये ही मुभा नाही.