पावसाच्या मुलखातील अग्निशमन केंद्र : घोटी परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

अग्निशमन केंद्राच्या वास्तूकडे समीक्षेचा विषय म्हणून पाहण्याची प्रथा मराठीत फारशी रुजलेली नाही. मंदिर, वाडा, किल्ला, फार तर एखादे विद्यापीठ यांच्या वास्तुरचनेवर लिहिले जाते. बंब उभा करण्याची जागा मात्र अंदाजपत्रकातील एका ओळीपुरती उरते. वास्तुकलेच्या वर्तुळात 'वाळवंटी शहरातील पर्यावरणपूरक व लोकाभिमुख अग्निशमन केंद्र' अशा स्वरूपाच्या संकल्पना मांडल्या जातात. जाड भिंती, जाळ्या, आतला चौक, सौरऊर्जा, पाण्याचा पुनर्वापर ही त्यांची ठरलेली परिभाषा. ती नाशिक जिल्ह्यातील घोटीसारख्या, भाताच्या गिरण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या बाजारपेठेला कितपत उपयोगी पडते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही. घोटीपासून जवळच, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या मुंढेगाव येथे जिंदाल कंपनीच्या पॉलिफिल्म कारखान्यात 1 जानेवारी 2023 रोजी स्फोट होऊन भीषण आग लागली. त्यात महिला कामगारांचा मृत्यू झाला व अनेक कामगार जखमी झाले. त्याच कारखान्यात 21 मे 2025 रोजी पुन्हा आग भडकली आणि दिवस उलटूनही ती धुमसत राहिली. दोन्ही वेळा नाशिक व अन्य ठिकाणांहून बंब मागवावे लागले. नाशिक घोटीपासून सुमारे 35 किलोमीटर आहे. प्लास्टिकजन्य मालाची आग एवढा वेळ थांबत नाही.

कारखान्याच्या आगीतून जन्मलेल्या केंद्राचे जगप्रसिद्ध उदाहरण जर्मनीत वाइल आम राइन येथे आहे. 1981 मध्ये विट्रा या फर्निचर कंपनीच्या कारखान्याचा मोठा भाग आगीत नष्ट झाल्यावर कंपनीने स्वतःचे अग्निशमन दल उभारले आणि त्याच्या इमारतीचे काम झाहा हदीद यांच्याकडे सोपविले. 1993 मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू म्हणजे उघड्या काँक्रीटच्या टोकदार पाती. धावण्याच्या क्षणी थिजलेली हालचाल. रूपाच्या अंगाने तिचे मोल वादातीत आहे. तथापि पुढे या भागाची जबाबदारी सार्वजनिक दलाकडे गेली आणि इमारतीत खुर्च्यांचे प्रदर्शन मांडले गेले. हदीद यांच्या टीकाकारांनी यावरून बराच उपहास केला आहे. तो काहीसा अन्यायकारक वाटतो. इमारत निकामी ठरण्याचे कारण तिच्या भिंतींत नव्हते, ते सेवेच्या हद्दी बदलण्यात होते. अग्निशमन केंद्राचे भवितव्य आरेखनाच्या टेबलापेक्षा हद्दींच्या नकाशावर ठरते, हे त्यातून दिसते.

याउलट रॉबर्ट व्हेंचुरी यांनी 1960 च्या दशकात अमेरिकेतील कोलंबस (इंडियाना) येथे रचलेले केंद्र क्रमांक 4 मुद्दाम साधे आहे. साध्या विटा, मध्यभागी नळ्या वाळविण्याचा मनोरा आणि त्यावर ठसठशीत '4' हा आकडा. घोटीला घेण्यासारखे असेल तर ते येथून. ज्या मुलखात चार महिने कपडा वाळत नाही तेथे नळ्या वाळविण्याची उंच, वाऱ्याची जागा ही सजावट नसून गरज आहे. वाळवंटी संकल्पनेतील उघडा चौक मात्र येथे जुलैत तळे होईल. उतरते छप्पर आणि रुंद पडवी हीच इथली रीत.

परंतु खरी गफलत पाण्याच्या बाबतीत होते. इगतपुरी परिसराचे वार्षिक पर्जन्यमान 3000 मिलिमीटरच्या आसपास आहे. दारणा, भावली, ऊर्ध्व वैतरणा ही धरणे याच तालुक्यात आहेत. त्यांतले पाणी खाली गोदावरीच्या कालव्यांकडे आणि मुंबईकडे जाते, आणि उन्हाळ्यात वरच्या वाड्या-पाड्यांवर हंडे रिकामे राहतात. मुंढेगावच्या दोन्ही आगी जानेवारीत आणि मेमध्ये लागल्या, म्हणजे पावसाळ्याबाहेर. वाळवंटातील रचनाकार पाणी नाही हे गृहीत धरूनच आखणी करतो. येथे पावसाची मुबलकता रचनाकाराला फसविते. 500 चौरस मीटरच्या छपरावरून 2 लाख लिटरची बंदिस्त टाकी भरण्यास गळती धरूनही सुमारे 500 मिलिमीटर पाऊस पुरेल, म्हणजे पावसाळ्याच्या पहिल्या दीड महिन्याचे काम. 5000 लिटरचा बंब त्यातून 40 वेळा भरता येईल. घोटीच्या संदर्भात 'पर्यावरणपूरक' या शब्दाला सौरपट्ट्यांपेक्षा या टाकीने अधिक अर्थ येतो, अट एवढीच की ती फेब्रुवारीत गावाच्या नळाला जोडली जाऊ नये. हा मोह मोठा असतो, आणि टंचाईत तो समजण्यासारखाही आहे.

मग हे केंद्र बांधावयाचे कोणी? 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या विषयांमध्ये अग्निशमन सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत. त्यांत अग्निशमन नाही. नियोजनाच्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत 2 लाख लोकसंख्येमागे एक केंद्र असे प्रमाण धरले आहे. औद्योगिक विकास महामंडळाची केंद्रे प्राधान्याने आपापल्या वसाहतींसाठी असतात. घोटीसारख्या पंचायतीच्या परंपरेतून वाढलेल्या बाजारगावाच्या वाट्याला महामार्ग येतो, लोहमार्ग येतो, गिरण्यांतला कोंडा आणि ट्रकांचे इंधन येते. बंबाचा हक्क तेवढा लोकसंख्येच्या रकान्यात अडकतो. आगीची जोखीम डोकी मोजून ठरत नाही, तिचे माप साठ्यावर आणि वाहतुकीवर घ्यावे लागते. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाल्यानंतर हे माप आणखी वाढले आहे.

'लोकाभिमुख' या विशेषणाचीही थोडी झाडाझडती आवश्यक आहे. संकल्पचित्रांत त्याचा अर्थ बहुधा उपाहारगृह, काचेची दर्शनी भिंत आणि शाळेच्या सहली एवढाच असतो. मुंबईत भायखळ्याच्या मुख्यालयात 14 एप्रिल 1944 च्या गोदी स्फोटात प्राण गमावलेल्या 66 अग्निशमन कर्मचाऱ्यांचे स्मारक आहे, आणि जवानांची कुटुंबे त्याच आवारात राहतात. लोकांशी नाते तेथे वस्तीतून आणि स्मृतीतून जुळले. त्यासाठी वेगळे दालन काढावे लागले नाही. जर्मनीतील लहान गावांत तर अग्निशमनाचा भार मुख्यतः प्रशिक्षित स्वयंसेवकांवर असतो. घोटीत गिरणीतील हमाल, कारखान्यातील कामगार, बचत गटांतील महिला यांना नळी धरण्याचे, जखमीला हलविण्याचे आणि धुराच्या दिशेवरून गाव रिकामे करण्याचे शिक्षण देणारे छत, हा लोकाभिमुखतेचा येथील अर्थ होय. त्यासाठी सभागृहापेक्षा मोकळे, फरसबंद आवार अधिक लागेल. हे आवार आठवडे बाजाराच्या गर्दीपासून दूर हवे आणि महामार्गाच्या दोन्ही बाजूंना बंब विनाअडथळा काढता येईल अशा ठिकाणी हवे. दुभाजकाला वळसा घालण्यात जाणारी मिनिटे कोणत्याही आराखड्यात दाखविलेली नसतात.